शिवी आणि शेरा

दलित साहित्याने मराठी वाङ्मयात शिवी आणली, असे प्रस्थापित समीक्षकांनी नाक मुरडून म्हटले होते. त्याला आपल्या समीक्षकांनी उत्तर दिले, की शिवी आम्ही आणलेली नाही. ती पिढ्यान्‌पिढ्या आम्हांला दिली गेली आणि आम्ही ती छापून तुमच्यापुढे ठेवली. हे उत्तर योग्यच होते. परंतु या वादात आपण इतके गुंतलो की एक बदल आपल्या नजरेतून निसटला. गावकुसाबाहेरचा माणूस शाळेत गेला, शाळेतून कचेरीत, कारखान्यात, महाविद्यालयात गेला. त्याच्याबरोबर जातही तिथे गेली. पण तिथे तिने भाषा बदलली. गावात ती शिवी होती, कचेरीत ती शेरा झाली.

शिवी तोंडी असते, शेरा लेखी असतो. शिवीत जातीचे नाव असते, शेऱ्यात ते कधीच नसते. ‘कामात गती नाही’, ‘वरिष्ठांशी वर्तन समाधानकारक नाही’, ‘जबाबदारीच्या पदास तूर्त योग्य नाही’, ‘परिवीक्षा काळातील सेवा समाधानकारक नसल्याने सेवा समाप्त करण्यात येत आहे’ ही शेऱ्याची भाषा. ती सभ्य आहे, शुद्ध आहे, तिच्याखाली सही आणि तारीख आहे. शिवीने माणूस त्या दिवशी अपमानित होतो. शेऱ्याने त्याची बढती अडते, बदली होते, कधी नोकरीच जाते आणि शहरात मोठ्या कष्टाने उभे केलेले बिऱ्हाड पुन्हा गावाच्या वाटेला लागते.

माझे म्हणणे असे, की दलित साहित्याची समीक्षा शिवी वाचायला शिकली, पण शेरा वाचायला शिकली नाही. आणि आपल्या कायद्याचेही नेमके हेच झाले आहे. या दोन्ही उणिवांचा फायदा एकाच माणसाला होतो. तो म्हणजे शेरा लिहिणारा.

हा विषय नवा नाही. तो आपल्या चळवळीच्या मुळाशीच आहे. १९१७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर परदेशी शिक्षण घेऊन बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. हाताखालचे शिपाई फायली लांबून टाकीत, कचेरीत पिण्यास पाणी मिळेना, शहरात राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत नाव बदलून काढलेले दिवस आणि तिथून झालेली हकालपट्टी बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे. शेवटी त्यांनी बडोदा सोडले. पुढे मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात ते प्राध्यापक झाले, तेव्हा प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या भांड्यातून त्यांनी पाणी पिण्यास काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. बडोद्याचा प्रसंग आपण सगळे भाषणांत सांगतो. पण तो अस्पृश्यतेचा प्रसंग म्हणून सांगतो, नोकरीचा प्रसंग म्हणून नाही. त्यांना बडोद्याच्या नोकरीतून कोणी काढून टाकले नव्हते. त्यांनी ती सोडली. जिथे पाणी नाही, छप्पर नाही आणि हाताखालचा माणूस कागद हातात देत नाही, तिथे नोकरी सोडणे हा राजीनामा की बडतर्फी? हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी उभा राहिला. आजही असंख्य राजीनाम्यांच्या पोटात तो तसाच पडून आहे.

गिरण्यांतही तेच होते. मुंबईच्या कापड गिरण्यांत विणकाम खात्याची मजुरी अधिक होती. धोटा भरताना सूत तोंडाने ओढावे लागे आणि उष्ट्याचा विटाळ होईल म्हणून अस्पृश्य कामगाराला त्या खात्यात घेत नसत. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी ही बंदी उठवण्याची मागणी लावून धरली, तेव्हा कामगार पुढाऱ्यांनी ती नाइलाजाने मागण्यांत घातली. आणि मालकांनी हा अन्याय आमचा नव्हे, असे म्हणून हात झटकले. कामगाराची जात मालकाने केली नाही, हे खरेच. पण तिच्या आधारे खाती वाटली गेली, मजुरी ठरली आणि जबाबदारी मात्र कोणाचीच राहिली नाही. जातिव्यवस्था ही श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, हा बाबासाहेबांचा १९३६ मधला सिद्धांत अशा अनुभवांतून तावूनसुलाखून आलेला आहे.

आता आपल्या साहित्याकडे वळू. ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या बाबुराव बागुलांच्या कथेवर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले. तिच्यातला विद्रोह, तिची भाषा, तिच्यातला मार आणि तो मार मनूच्या हातून खाल्ल्याची नायकाची जाणीव यांवर भर दिला गेला. पण ही कथा मुळात एका नोकरीची कथा आहे, हे फारसे कोणी म्हटले नाही. तिचा नायक सुरतेकडे रेल्वेच्या नोकरीत जातो. तिथे रुजू होण्याआधीच त्याला जातीचे उत्तर तयार ठेवावे लागते. सोबतचे कामगार त्याला मान देतात, घरी नेतात, कारण त्यांना त्याचे नाव-गाव कळलेले नसते. गुण तेच, माणूस तोच. जात कळताच मानाचा मार होतो. बागुलांनी दाखवले ते हे, की कारखान्यात माणसाच्या कामाचे मोजमाप त्याच्या जन्माच्या पट्टीने होते आणि ही पट्टी केवळ मालकाच्या नव्हे, तर शेजारी उभ्या असलेल्या कामगाराच्याही हातात असते. ‘कामगारांची एकजूट’ ही घोषणा देणाऱ्यांनी ही कथा पुन्हा वाचली पाहिजे.

कुमुद पावडे यांचे ‘अंतःस्फोट’ (१९८१) घ्या. त्यातला संस्कृतच्या शिक्षणाविषयीचा लेख सर्वांना माहीत आहे. दलित मुलगी संस्कृत शिकली याचे कौतुक आपण केले आणि सनातनी पंडितांच्या नाकावर टिच्चून शिकली याचा अभिमान बाळगला. पण त्या लेखाचा कणा नोकरीचा आहे. संस्कृतमध्ये उत्तम रीतीने एम. ए. झालेल्या कुमुद सोमकुवर यांना अध्यापनाची नोकरी मिळत नाही. आंतरजातीय विवाहानंतर त्याच बाई कुमुद पावडे होतात आणि नोकरी मिळते. पदवी बदलली नाही, संस्कृत बदलले नाही, आडनाव बदलले. या अनुभवाला ‘वैयक्तिक कटुता’ म्हणणारे तेव्हाही होते, आजही आहेत. त्यांच्यासाठी एक दाखला देतो. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी २००७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. खाजगी कंपन्यांच्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवण्यात आले. पात्रता सारखी, फरक आडनावांत. उच्चवर्णीय हिंदू आडनावाच्या अर्जदाराच्या तुलनेत तितक्याच पात्र दलित अर्जदाराला बोलावणे येण्याची शक्यता सुमारे दोन-तृतीयांशच भरली. अंतःस्फोटातली ती ‘कटुता’ सव्वीस वर्षांनी आकड्यांतून पुढे आली. साहित्याने आधी सांगितले, समाजशास्त्राने नंतर मोजले. समीक्षेने मात्र मधल्या काळात या लेखाला केवळ जिद्दीची कहाणी ठरवून टाकले.

तिसरे पुस्तक माधव कोंडविलकर यांचे ‘मुक्काम पोस्ट देवाचे गोठणे’ (१९७९). कोकणातल्या खेड्यात प्राथमिक शिक्षकाची नोकरी करणाऱ्या चर्मकार समाजातील माणसाचे हे कथन रोजनिशीच्या रूपात आहे. रोजनिशी हा वाङ्मयप्रकार इथे का आला, याचा विचार झाला पाहिजे. आत्मकथन मागे वळून पाहते. रोजनिशी त्या-त्या दिवशी नोंद करते. ज्या माणसाविषयी रोज कुठे ना कुठे तक्रार होऊ शकते, ज्याच्यावर गाव आणि खाते या दोघांची नजर आहे, तो स्वतःचीही एक नोंदवही ठेवतो. गावाच्या आणि खात्याच्या दप्तरासमोर हे शिक्षकाचे दप्तर उभे राहते. या पुस्तकाचे वाङ्मयीन मोल ठरवताना आपण त्यातल्या प्रांजळपणाची तारीफ केली. पण तारीखवार नोंदीमागची कष्टकऱ्याची सावधगिरी आपल्या ध्यानात आली नाही.

असे का झाले? एक कारण उघड आहे. पांढरपेशा समीक्षकाला दलित लेखकाकडून भूक हवी होती, उकिरडा हवा होता, मेलेले ढोर हवे होते. ते त्याच्यापासून दूर होते, म्हणून त्याला ते सोसवत होते. त्यावर हळहळणे सोपे होते. कचेरी मात्र त्याची स्वतःची जागा. तिथला शेरा त्याच्या भावाने, मेहुण्याने, कदाचित त्याने स्वतः लिहिलेला. तिथे हळहळ चालत नाही, तिथे जाब द्यावा लागतो. म्हणून दलित आत्मकथनातली नोकरी सुरू झाली की ‘इथून पुढे कथन विस्कळीत होते, जोर ओसरतो’ असा निकाल ठरलेला. जोर कथनाचा ओसरतो की वाचणाऱ्याच्या सहानुभूतीचा?

पण सगळा दोष त्यांच्या माथी मारून आपल्याला मोकळे होता येणार नाही. नोकरी लागलेला दलित म्हणजे सुखवस्तू झालेला, ‘दलित ब्राह्मण’ झालेला, असे आपणच म्हणत आलो. १९५६ साली आग्र्याच्या सभेत शिकलेल्या लोकांविषयी बाबासाहेबांनी व्यक्त केलेली व्यथा आपण वारंवार सांगतो. तो इशारा खरा आहे आणि तो पाळलाच पाहिजे. परंतु त्या इशाऱ्याचा वापर नोकरदाराचे तोंड बंद करण्यासाठी होऊ लागला. ‘तुला पगार मिळतो ना, मग कसले दुःख?’ हे वाक्य सवर्ण साहेबाने म्हटले तर आपण त्याला जातीयवादी म्हणतो. आपल्याच वस्तीत म्हटले तर त्याला बांधिलकी म्हणतो. परिणाम एकच, की कचेरीत एकटा पडलेला माणूस घरीही एकटा पडतो.

आता कायद्याकडे पाहू, कारण कायदाही एक संहिताच आहे आणि तिची समीक्षा करण्याचा अधिकार आपल्याला आहे. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने जाणूनबुजून केलेला अपमान गुन्हा ठरवला, पण तो लोकांच्या नजरेस येईल अशा ठिकाणी झालेला असला पाहिजे. २०२० साली हितेश वर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की चार भिंतींच्या आत, बाहेरचे कोणी हजर नसताना उच्चारलेले शब्द या कलमात बसत नाहीत. ते प्रकरण घरातले होते. पण साहेबाच्या खोलीलाही चार भिंती असतात आणि दार लावलेलेच असते. म्हणजे कायद्याला शिवी हवी, तीही चारचौघांत दिलेली हवी. शेरा तर बंद पाकिटात असतो.

सुभाष काशिनाथ महाजन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्याचा निकाल २० मार्च २०१८ रोजी लागला. त्याविरुद्ध २ एप्रिलला देशभर बंद झाला, काही राज्यांत माणसे मेली, त्याच वर्षी संसदेने कायद्यात १८-अ हे कलम घालून त्या निकालातली अटकेविषयीची बंधने दूर केली, १ ऑक्टोबर २०१९ रोजी न्यायालयाने आपले ते निर्देश मागे घेतले आणि फेब्रुवारी २०२० मध्ये दुरुस्ती वैध ठरवली. हे सर्व कार्यकर्त्यांना पाठ आहे. पण या लढ्याची सुरुवात कशातून झाली होती, हे किती जणांना ठाऊक आहे? पश्चिम महाराष्ट्रातल्या एका शासकीय महाविद्यालयातील अनुसूचित जातीच्या कर्मचाऱ्याच्या गोपनीय अहवालात त्याच्या सचोटीविषयी आणि चारित्र्याविषयी लिहिलेल्या प्रतिकूल शेऱ्यातून. तो शेरा खरा होता की खोटा, हे ठरवण्याचे हे ठिकाण नव्हे. मला एवढेच दाखवायचे आहे, की एका शेऱ्यातून निघालेले प्रकरण देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले आणि तिथे चर्चा झाली ती कायद्याच्या गैरवापराची. अशा फिर्यादींमुळे अधिकाऱ्याला आपले काम निर्भयपणे करता येणार नाही, ही चिंता निकालपत्रात आली. ज्याच्याविषयी शेरा लिहिला जातो त्याच्या भीतीला मात्र तेवढी जागा मिळाली नाही. रस्त्यावर उतरलेल्या आपणही अटक आणि जामीन यांच्याविषयी बोललो. गोपनीय अहवालाविषयी बोललो नाही.

शब्दांमागचे पाहणे न्यायालयाला जमत नाही असे नव्हे. १९७४ साली शमशेर सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की परिवीक्षाधीन नोकराला साध्या सौम्य शब्दांत कमी केले असले तरी आदेशाचे रूप न पाहता त्याचे सार पाहावे. ती प्रत्यक्षात शिक्षा असेल तर घटनेच्या ३११ व्या कलमाचे संरक्षण त्याला आहे. २००८ साली देव दत्त खटल्यात ठरले, की गोपनीय अहवालातली प्रत्येक नोंद, बरी असो वा वाईट, संबंधित नोकराला कळवलीच पाहिजे. त्याहून जुनी एक तरतूद आहे. अस्पृश्यतेविरुद्धच्या १९५५ च्या कायद्याच्या १२ व्या कलमानुसार, त्या कायद्याखालचे गुन्हा ठरणारे कृत्य अनुसूचित जातीच्या व्यक्तीबाबत घडले तर ते अस्पृश्यतेच्या कारणावरूनच घडले असे न्यायालयाने धरून चालायचे. तसे नाही हे सिद्ध करण्याचा भार आरोपीवर. म्हणजे रूपाऐवजी सार पाहण्याची रीत आणि जातीचा हेतू गृहीत धरण्याची रीत, दोन्ही आपल्या कायद्यात आहेत. पण एक नोकरीच्या खटल्यात राहिली, दुसरी अस्पृश्यतेच्या. दलित नोकरदाराचे प्रकरण या दोहोंच्या मधोमध पडते. कामगार न्यायालयात त्याची जात बाजूला राहते, फौजदारी न्यायालयात त्याची नोकरी.

स्त्रीच्या बाबतीत हे विभाजन आणखी क्रूर होते. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध १९९७ चा विशाखा निकाल आला, त्यावरून २०१३ चा कायदा झाला. त्या निकालामागे भंवरी देवी आहेत. कुंभार समाजातल्या या बाई राजस्थान सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात काम करीत होत्या. सरकारचेच काम म्हणून त्यांनी गावातल्या वरचढ जातीतला बालविवाह रोखण्याचा प्रयत्न केला आणि १९९२ साली त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. १९९५ साली खालच्या न्यायालयाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून सोडले. विशाखा निकालाने देशातल्या नोकरदार स्त्रियांना मोठे हत्यार दिले, हे निर्विवाद. पण त्या निकालात भंवरी देवी ‘राजस्थानातील एका खेड्यातील समाजसेविका’ एवढ्याच उरतात. त्यांची जात गळून पडते, आणि त्यांच्या नोकरीनेच त्यांना जातीच्या तोंडी दिले होते, हे सत्यही गळून पडते. आज दलित स्त्रीला कचेरीत त्रास झाला तर बाईपणाची तक्रार तिने अंतर्गत समितीकडे न्यायची आणि जातीची तक्रार पोलिसांकडे. तिचा अपमान एकच असतो. त्याचे दोन अर्ज होतात आणि प्रत्येक अर्ज अर्धा असतो. उर्मिला पवार यांनी ‘आयदान’ (२००३) मध्ये घर, संसार, चळवळ आणि सरकारी नोकरी एकाच वीणेत विणली, तिचे महत्त्व इथे आहे. बाईचे जगणे असे खात्याखात्यांत वाटता येत नाही, हे तिच्या रचनेतूनच समजते.

कोणी म्हणेल, हा कचेरीतल्या मूठभरांचा प्रश्न झाला. तसे नाही. भाषेचा हा खेळ झाडूवाल्याशीही खेळला जातो. मुंबई महापालिकेच्या कचरा वाहतुकीतल्या कंत्राटी कामगारांना ‘स्वयंसेवक’ म्हटले गेले. स्वयंसेवक म्हटले की तो कामगार राहत नाही; कामगार नाही तर किमान वेतन नाही, रजा नाही, नोकरीवरून काढण्याचा प्रश्नही नाही, कारण मुळात तो नोकरीतच नव्हता! कचरा वाहतूक श्रमिक संघाने हा लढा वर्षानुवर्षे लढवला आणि २०१७ साली सर्वोच्च न्यायालयात सुमारे २,७०० कामगारांच्या कायमपणाचा निर्णय पदरात पाडून घेतला. या कामात बहुसंख्य माणसे कोणत्या समाजाची आहेत, हे सांगायला नको. साहेबाच्या लेखणीतला शेरा आणि कंत्राटातला ‘स्वयंसेवक’ हे एकाच दप्तरातले शब्द आहेत.

मग करायचे काय? कार्यकर्त्यांनी कागद वाचायला शिकले पाहिजे. महाराष्ट्राने १९७१ साली अनुचित कामगार प्रथांविरुद्ध कायदा केला. त्याच्या चौथ्या अनुसूचीत सूडबुद्धीने काढणे, उघड खोट्या कारणांवरून काढणे, क्षुल्लक चुकीला भरमसाट शिक्षा देणे, गुणवत्ता न पाहता एका गटाला झुकते माप देणे, वर्षानुवर्षे हंगामी ठेवणे, दुष्ट हेतूने बदली करणे यांची यादी दिली. तक्रारीला मुदत नव्वद दिवसांची ठेवली. त्या यादीत जात हा शब्द नाही. पण तिच्यातल्या जवळजवळ प्रत्येक ओळीत जात शिरू शकते आणि ती दाखवून देणे हे संघटनेचे काम आहे. त्यासाठी तारखा हव्यात, आदेशाच्या प्रती हव्यात, शेरा कळवल्याची पोच हवी, आपल्याबरोबर लागलेल्या इतरांना काय मिळाले याची नोंद हवी. एकाच कागदावरून जात दिसत नाही. दहा कागद शेजारी-शेजारी मांडले की ती दिसू लागते.

हे काम वकिलांचे आहे तेवढेच लेखकांचेही आहे. दलित साहित्याने वेदना, नकार आणि विद्रोह ही आपली मूल्ये मानली. कचेरीतली वेदना ओरडत नाही, ती फायलीत पडून असते. म्हणून ती लिहायला वेगळा संयम लागेल आणि ती वाचायला वेगळी समीक्षा लागेल. निलंबनाचा हुकूम, कारणे दाखवा नोटीस, तिला रात्र जागून लिहिलेले उत्तर, चौकशी अधिकाऱ्यापुढची जबानी, बायकोने गहाण टाकलेले डोरले, मुलाची थकलेली फी ही आजच्या कथेची सामग्री आहे. बागूल, पावडे, कोंडविलकर यांनी तिची सुरुवात फार पूर्वी करून ठेवली आहे. त्यांना भुकेचे आणि जिद्दीचे लेखक म्हणून पुरेसे वाचून झाले. आता नोकरीचे लेखक म्हणून वाचले पाहिजे. विद्यापीठात दलित साहित्य शिकवणाऱ्या प्राध्यापकांनी तर विशेष करून, कारण त्यांच्यापैकी अनेकांच्या स्वतःच्या बढतीची फाईल याच भाषेत लिहिली गेली आहे.